नव्या डब्याची परीक्षा

फार पूर्वी एका टेबलावर बोटभर उंचीची आगगाडी राहायची. तिच्याकडे नव्या नमुन्याचा एक मालडबा आला. वळण न पडता पार केलं तरच गाडीत जागा, नाहीतर परत खोक्यात, असा तिथला नियम होता.

नवा डबा वळणावर कलंडला. उभा केला, तर पुन्हा कलंडला.

"नुसता रंगच छान! आम्ही कधी पडलो का रे?" कोळशाचा जुना डबा हसला.

नव्याचं तोंड एवढंसं झालं. गाडीच्या शेवटी गार्डाची ब्रेकव्हॅन होती; तिला सगळे मावशी म्हणायचे. ती मात्र डोळे उघडे ठेवून बघत होती.

"अहो इंजिनदादा, लेकरू दरवेळी एकाच जागी पडतंय. तिथला रूळ बघितला का कुणी?"

इंजिनाने बघितलं. रुळाचा सांधा नखभर वर आला होता. "खरंच की! आपण जड, म्हणून दणका सोसून पुढे जायचो." मग त्याने सांध्यावरून मागेपुढे फिरून तो खाली बसवला.

"ये बाळा," मावशी म्हणाली.

नवा डबा सरळ निघून गेला. मागून कोळशाचा डबा आला, आणि त्या वळणावर पहिल्यांदाच त्याचा एकही कोळसा सांडला नाही.