हौसाक्काचा पावटा आणि एकवीस दिवसांचं खत

बोधकथा सांगावी तर मीच. अख्ख्या तालुक्यात माझ्या तोडीचा दुसरा नाही. दुसरा कुणी सांगतच नाही ही गोष्ट वेगळी, आणि मास्तरांनी मला चौथीच्या पुढं सरकू दिलं नाही ही आणखी वेगळी. तरी ऐका. ज्यांना चारचौघांत बढाई मारायची खोड आहे, त्यांनी जरा पुढं सरकून बसा. गोष्ट तुमचीच आहे.

एका गावात सिदूबा नावाचा म्हातारा होता. त्याची बायको हौसाक्का कंबर मोडल्यापासून तीन वर्षं बाजेवर पडून होती. तिच्याजवळ राखेत घालून जपलेला मूठभर पावटा होता. लग्नात आईनं पदरात बांधून दिलेलं वाण ते, हिंडतीफिरती होती तोवर दरसाल पेरून राखलेलं. माहेरी आता जिकडंतिकडं ऊस. हे वाण दुसऱ्या कुणाकडं उरलं नव्हतं. बीही जुनं होत चाललं होतं. यंदा पेरलं नाही, तर पुढं उगवायचं नाही.

"एवढं माझ्या हातानं पेरू द्या," ती म्हणाली.

सिदूबानं पडक्या गोठ्याच्या विटा आणल्या आणि पडवीला लागून बाजेच्या उंचीचा गादीवाफा रचला. पाणी निचरायला तळाशी दगडगोटे घातले. पडल्या पडल्या तिचा हात पुरावा, इतका जवळ. इथवर माणूस सोन्यासारखा. पण चावडीवर जाऊन बोलल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

परसात त्यानं खताचा ढीग घातला होता. भाजीची देठं, पालापाचोळा, वर शेणकाला. असा ढीग कुजून निवायला चार महिने लागतात, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. सिदूबा चावडीवर म्हणाला, "तुमचं खत चार महिन्यांत. माझं एकवीस दिवसांत!"

लोक पोट धरून हसले. शेजारचा म्हादबा म्हणाला, "बाविसाव्या दिवशी बघायलाच येतो की!"

एकविसाव्या दिवशी सिदूबानं ढिगात हात घातला आणि चटकन मागं घेतला. आत भट्टी पेटल्यासारखं होतं.

बाजेवरून हौसाक्कानं विचारलं, "अहो, निवलं का खत?"

खरं बोलावं, तर म्हादबाला सांगायचं काय?

"निवलं की! चहाच्या पुडीसारखं झालंय नुसतं."

तोच कच्चा माल त्यानं वाफ्यात भरला आणि वर चार बोटं काळी माती पसरली. म्हादबा आला, बघून मान डोलावून गेला. सिदूबाच्या मिशा दोन दिवस खाली आल्या नाहीत.

हौसाक्कानं कुशीवर वळून एकेक दाणा टोचला. एकही दाणा तिनं मागं ठेवला नाही.

"माती कोमट लागते हो."

"ऊन पडलंय ना."

आठ दिवस गेले. पंधरा गेले. रोज सकाळी ती वाफ्यावर हात फिरवायची, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. अठराव्या दिवशी तिनं माती उकरली. दाणे काळे पडून गिळगिळीत झाले होते. खालून अजून ऊब येत होती, आणि हाताला लागलं भोपळ्याचं देठ, जसंच्या तसं.

"बीच जुनं होतं गं," सिदूबा म्हणाला.

तिनं ते देठ त्याच्या हातावर ठेवलं.

सिदूबाची मान खाली गेली. "चार महिने थांबलो असतो, तर पेरणी हुकली असती. तुझ्यासाठीच घाई केली."

आता तात्पर्य मी इथंच सांगून टाकतो. हौसाक्का बोलल्यावर माझं कोण ऐकतंय?

तात्पर्य: बढाई अंगलट आली, तर सरळ चुकलो म्हणावं. लोकांचं हसू चार दिवसांत विरतं. ते चुकवायला घरच्या माणसाला सांगितलेलं खोटं जे नासवतं, ते पुन्हा उगवत नाही.

हौसाक्का म्हणाली, "कच्चं आहे म्हणाला असतात, तर नुसत्या मातीत पेरला असता मी. माझ्या आईनं कुठं खत घातलं होतं त्याला?"