खोडलेल्या ओळी

एकदा एक अनोळखी मृतदेह भरतीबरोबर वाहत आश्रमाखालच्या पुळणीवर आला. माणूस चाळिशीचा असावा. अंगात जुना सदरा, पाय अनवाणी. गावात त्याला कोणीच ओळखेना.

तो तिथे कसा आला हे मात्र प्रत्येकाला ठाऊक होते. मिठाच्या व्यापाऱ्याचे मत पडले की हा चोर असणार. पळता पळता खाडीत पडला. कोणी म्हणाले, होडीतल्या भांडणात याला ढकलला. आश्रमातला तरुण शिष्य तर्कशास्त्रात निपुण होता. त्याने मृतदेह बारकाईने पाहिला. अंगावर जखम नाही, झटापटीची खूण नाही. वहाणा काठावर ठेवून हा स्वतःच पाण्यात शिरला, असा त्याने निष्कर्ष काढला. सर्वांना तो पटला. वृद्ध आचार्य तेवढे ओणवे होऊन मृताच्या केसांतली वाळू काढत होते.

अग्नी देण्यापूर्वी आचार्यांनी सदऱ्याच्या बाहीवरचे एक ठिगळ कापून घेतले. मग खाडीकाठच्या गावांना होडीवाल्यांबरोबर पाठवायचे पत्र त्यांनी शिष्याला लिहायला सांगितले. शिष्याने आपला तर्क पुराव्यांसह दोन पाने लिहिला. आचार्यांनी ते वाचले आणि लेखणी घेऊन एकेक ओळ खोडत गेले. शेवटी एवढेच उरले: डाव्या हाताची करंगळी वाकडी. बाहीला हिरव्या दोऱ्याने लावलेले ठिगळ, सोबत जोडले आहे. अस्थी जपून ठेवल्या आहेत.

शिष्याचा चेहरा उतरला. माझ्या तर्कात दोष कुठे आहे, असे त्याने विचारले.

आचार्यांनी त्याला जवळ बसवले. “दोष मला दिसला नाही, बाळ. पण हे पत्र जिथे पोहोचायचं आहे, त्या घरी कोणीतरी दाराला कडी न लावता वाट पाहत असेल. ओळख पटायला त्याला हे ठिगळ पुरेल. तू लिहिलंस ते आपलं कुतूहल शमवायला. आणि समजा, त्याचा नुसता पाय घसरला असेल, तर? तुझा कागद वाचून ते घर आपलं काय चुकलं, हे जन्मभर शोधत बसेल.”

नवव्या दिवशी वरच्या गावाहून एक प्रौढ स्त्री होडीतून उतरली. ठिगळ तिच्या मुठीत होते. “हे टाके माझे,” ती म्हणाली. “मला सरळ शिवता येत नाही. झिलू हसायचा. माझा धाकटा भाऊ.” थोड्या वेळाने तिने शिष्याकडे पाहिले. “कसा गेला रे तो?”

उत्तर शिष्याच्या जिभेवर होते.

“ते आम्हांला कळलं नाही, ताई.” हे वाक्य तो आयुष्यात प्रथमच उच्चारत होता. “आम्ही त्याला सावलीत ठेवलं. गोड्या पाण्यानं आंघोळ घातली. नवा पंचा नेसवला. अग्नी मी दिला.”

“तू दिलास?” असे म्हणून तिने त्याचा हात हाती घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग ती बोलत राहिली. झिलू झाडावर चढायला भ्यायचा, पण शेजारणीच्या मुलांना खांद्यावर घेऊन खाडी ओलांडायचा. लहानपणी तो बोलायलाच उशिरा लागला आणि पहिला शब्द बोलला तो ‘ताई’. सारी दुपार शिष्य ऐकत होता. त्यातून त्याने काहीही अनुमान काढले नाही. संध्याकाळी अस्थींचे गाठोडे पदराखाली धरून ती होडीत बसली, तेव्हा तो गुडघाभर पाण्यात तिला पोहोचवायला गेला.

परतताना मिठाचा व्यापारी भेटला. त्याने उत्सुकतेने विचारले, “मग काय ठरलं शेवटी? चोर होता, की जीव दिला त्यानं?”

“त्याचं नाव झिलू,” शिष्य म्हणाला. “त्याला फणसाच्या उकडलेल्या आठळ्या फार आवडायच्या.”

दोघे जण पुळणीवरून चालत राहिले.