दोन पंगतींमधली जागा

“मग मी कोण, एवढं तरी सांगा.”

शारंगने पुन्हा तेच विचारलं. धुंडीबाबा मठाच्या ओट्यावर पळसाच्या पानांचे द्रोण लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय सांगू?”

“एक शब्द द्या. बाई म्हणवत नाही, पुरुष म्हणवत नाही. शहरातल्या मित्रांनी आणखी शब्द दिले. काही दिवस अंगाला बसले, मग काचायला लागले.”

“काढून टाक.”

“तेच तर मी सभांमधून सांगितलं. अशी नावं म्हणजे कुंपण, ती मोडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

“मग कुंपण आज कशाला हवं?”

शारंगचा आवाज चढला. “कारण सभा संपते, बाबा. मग घरी जावं लागतं.”

बाबांचे हात थांबले...

घरचं त्यांना ठाऊक होतं. धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. भावाने शारंगला उंबऱ्यातच अडवलं : आधी काय आहेस ते ठरव, मग आत ये. आई मागे नुसती उभी होती. तेव्हापासून शारंगचा मुक्काम मठात होता. बाबांचा शब्द पंचक्रोशीत कोणी खाली पडू देत नसे. तो घेऊनच परत जायचं, असं शारंगने मनाशी पक्कं केलं होतं.

“चल, वाढायला लाग,” बाबा म्हणाले.

त्या दिवशी मठात भंडारा होता. अंगणात एका बाजूला पुरुषांची पंगत, दुसऱ्या बाजूला बायकांची. शारंगने आमटीची बादली उचलली आणि दोन्हीकडे वाढलं. कोणी म्हणालं, “इकडं थोडी.” कोणी पानावर हात आडवा धरला. त्यापलीकडे कोणी काही विचारलं नाही.

“कळलं?” बाबांनी ओट्यावरून विचारलं.

“कळलं. वाढणाऱ्याला कोणी विचारत नाही. बसणाऱ्याला विचारतात.” शारंगने बादली खाली ठेवली. “आणि भूक मलाही लागते, बाबा. जन्मभर मी नुसतं वाढत राहणार नाही.”

बाबांनी पुढचा द्रोण हाती घेतला.

शेवटची पंगत वाढप्यांची. मठाचे कारभारी रंगनाथराव पानं मांडत होते. माणूस वाईट नव्हता, पण गावाचे डोळे आपल्यावर आहेत हे त्यांना विसरता येत नसे. शारंगपाशी येऊन ते अडखळले.

“तुमचं पान... इकडं मांडू की तिकडं?”

शारंगने ओट्याकडे पाहिलं. आता बाबा सांगतील. आता तरी.

बाबा नुसते पाहत होते.

रंगनाथरावांच्या हातातली एक पत्रावळ शारंगने ओढून घेतली. दोन्ही पंगतींच्या मधे, वाढपी ये-जा करतात त्या मोकळ्या जागेत ती मांडली आणि तिच्यासमोर बसकण मारली.

“इथं,” शारंगने सांगितलं. “नाव विचाराल तर शारंग. त्यापुढचं काही मिळणार नाही. उद्या घरीही एवढंच सांगायचं आहे. आत घेतलं तर ठीक, नाही तर लग्नाचा मांडव अंगणातच आहे. तिथं मी जेवणारच.”

पुरुषांकडून कोणीतरी हसलं. बायकांकडून एक म्हातारी म्हणाली, “हसायला काय झालं रे?” मग कोणी हसलं नाही.

बाबा उठले. कित्येक वर्षांत ते पंगतीत जेवले नव्हते. त्यांचं ताट ओट्यावरच जात असे. काठी टेकत ते खाली आले, एक पत्रावळ घेतली आणि शारंगच्या समोर मांडी घालून बसले.

रंगनाथराव वाकून हलक्या आवाजात म्हणाले, “बाबा, लोक मला विचारतील. याला... हिला... नेमकं म्हणायचं काय? तुम्हीच सांगा.”

बाबांनी पानावर पाणी शिंपडलं. तळहाताने पान पुसलं.

“रंगनाथ, आधी मीठ वाढ.”