नदीपलीकडचा पाक

फार फार पूर्वी, एका सकाळी बरोबर सव्वासात वाजता, नदीपलीकडच्या गांधीलमाश्या साखरेचा पाक विकायला मधमाश्यांच्या पोळ्यावर आल्या. मेणाच्या एका कणाला दहा थेंब!

"एवढं स्वस्त परवडतं कसं गं?" पिल्लांना भरवणाऱ्या रेवतीमाशीनं विचारलं.

"तोटा आमची राणी सोसते. तुम्ही खा की!"

मग फुलांकडे कोण जाणार? फुलांची वाट दाखवणारा नाच नव्या माश्या शिकल्याच नाहीत.

पावसाळा सरला आणि पाकवाल्या म्हणाल्या, "आता एका थेंबाला अर्धं पोळं."

"सटव्यांनो, माझी पिल्लं उपाशी मारता?" रेवती कडाडली आणि थरथरत्या पंखांनी तोच जुना नाच नाचू लागली. पोरी खिदळल्या.

"हसता काय? शिका! आणि एकीनं शेजारच्या पोळ्यावर जा. यांचा पाक पोचायच्या आत सगळं सांगून ये."