तळ्यातून गेलेले कुंपण

पूर्वी शालवती नगरात सुतेज राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व जवळच्याच एका गावात शेतकरी कुळात जन्मला. शालिक हे त्याचे नाव. रानाच्या कडेला गोभद्र नावाच्या वृद्ध गवळ्याचे कुरण होते आणि त्याला लागूनच शालिकाचा ऊस. मध्ये कुंपण नव्हते. कुरणातून रानडुकरे येत आणि ऊस आडवा करून जात.

राजाचा नियम स्पष्ट होता. सीमेवरचे कुंपण दोन्ही शेजाऱ्यांनी निम्मे निम्मे घालावे. पण गोभद्र म्हणाला, "डुकरं तुझा ऊस खातात, माझं गवत नाही. कुंपण हवं तर तूच घाल."

शालिकाने गावाच्या मुख्याकडे दाद मागितली. मुख्य संतापला. "उद्याच त्याच्या दुभत्या गाई ओढून आणतो. मग बघ, कसा मुकाट्याने खांब रोवतो!"

न्याय शालिकाच्या बाजूने होता, तरी त्याला चैन पडेना. पहाटे तो सीमेवर गेला. गोभद्राच्या गाई शालिकाच्या शेतात शिरत होत्या. उसाला तोंड न लावता त्या थेट शेतातल्या तळ्यावर गेल्या आणि पाणी पिऊ लागल्या. मागून येणारा गोभद्र शालिकाला पाहून ओशाळला.

"कुरणातला झरा आटला रे," तो म्हणाला. "कुंपण झालं की गुरं तहानेनं मरतील. पण पाणी मागू कोणत्या तोंडानं? तुझ्या बापाशी मी जन्मभर भांडलो."

बोधिसत्त्व म्हणाला, "काका, कुंपण आत वळवून तळ्याच्या मधून नेऊ. अर्धं पाणी तुमच्या बाजूला राहील."

त्या वळणात शेताची सर्वांत कसदार पट्टी जाणार होती. गाई ओढून न्यायला आलेला मुख्य म्हणाला, "अरे, नियम तुझ्या बाजूने असताना जमीन सोडतोस?"

"नियमानं कुंपण उभं राहील," शालिक म्हणाला, "पण शेजारी दुरावेल."

गोभद्राने आपला निम्मा वाटा तर उचललाच, शिवाय कमरेएवढ्या पाण्यात उतरून तळ्यातले खांबही स्वतः रोवले. पुढे डुकरांचा कळप कुंपणाला धडका देऊ लागला, तेव्हा काठी घेऊन सर्वांआधी धावला तो गोभद्रच.

ही कथा सांगून शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, जन्मांचा मेळ जुळवून दाखवला. "शेजारच्या भिक्षूसोबत कुटीची मधली भिंत लिंपायला आज जो नकार देतो आहे, तो तेव्हा गोभद्र होता. त्याला विहारातून काढा म्हणणारा ज्येष्ठ भिक्षू, तो स्थविर, गावाचा मुख्य होता. शालिक मी होतो. हक्क हाती असतानाही जो आधी शेजाऱ्याची अडचण जाणून घेतो, त्याच्या ठायी करुणा पूर्ण झाली असे समजा."