पाठीवर पास झालेली लाली

आरशाचा शोध लागायच्या आधीची गोष्ट. एका तळ्याकाठी सायाळीचं दुकान होतं. ती डोंगर उकरून रंगीत दगड काढायची, कुटून त्यांची लाली करायची आणि विकायची. तळ्यावरची रीत अशी, की नवी लाली आली की आधी कासवआजोबांच्या पाठीवर चोळायची. आजोबा दिवसभर उन्हात पडून राहायचे आणि संध्याकाळी डोळेही न उघडता सांगायचे, "खाज नाही, आग नाही, रंगही उतरला नाही. पास!"

डुंबी बेडकीच्या बहिणीने अशीच पास झालेली लाली स्वतःच्या लग्नात लावली. अक्षता पडायच्या आत तिचे गाल सोलवटून निघाले. डुंबी भांडायला गेली, तर सायाळ काटे फुलवून म्हणाली, "तुझ्या बहिणीची कातडीच नाजूक! माझा माल अस्सल आहे, थेट धरणीमातेच्या पोटातला."

"विंचूसुद्धा तिथूनच वर येतो," डुंबी म्हणाली. तिने लालीची वाटी उचलली, बहिणीचा हात धरला आणि तडक आजोबांना गाठलं.

"आजोबा, अख्ख्या तळ्याचा तुमच्यावर भरवसा आहे. ही लाली परत एकदा बघता का?"

"लाव की!" म्हणत आजोबांनी ऐटीत पाठ पुढे केली.

"पाठीवर नाही, आजोबा. मानेवर."

सगळं तळं बघायला जमलं. आजोबांनी वाटीकडे पाहिलं. मग नवरीच्या गालांकडे पाहिलं. आणि मान, पाय, शेपूट, सगळं सुर्रकन आत ओढून घेतलं.

थोड्या वेळाने आतून घुमल्यासारखा आवाज आला, "पास!"