बउळगडचा निरुत्तर घाट

ओडिशाच्या किनारपट्टीत, धबळी नदीच्या काठी बउळगड नावाचं जिल्ह्याचं ठिकाण आहे. बउळ म्हणजे आपली बकुळ. स्टेशनाबाहेर सायकलरिक्षा उभ्या असतात, पुढे काशाची भांडी ठोकणाऱ्या कांसारींची आळी लागते, मग कोर्ट, कचेरी, सरकारी इस्पितळ, आणि या सगळ्यांच्या पाठीशी नदी. नदीवर घाट पुष्कळ. अंघोळीचा वेगळा, धोब्यांचा वेगळा, मसणवटीचा त्याहून खाली. पण जुन्या राजवाड्याच्या दरवाजासमोर जो घाट आहे, तिथं कोणी अंघोळ करत नाही की लुगडं धूत नाही. त्याला निरुत्तर घाट म्हणतात. भाद्रपद सरता सरता एका सकाळी जिल्ह्याचा मोठा साहेब, मग तो कुठल्याही मुलखातून बदलून आलेला असो, चपला काढून या घाटाच्या पायऱ्या उतरतो आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो. काठावर जमलेल्या बायका त्याला मनात येईल ते बोलतात. त्यानं उत्तर द्यायचं नसतं.

असं का, ते पद्मा बेहेरा सांगते. ही म्हातारी केउटसाहीतली, म्हणजे तिथल्या कोळीवाड्यातली. घाटाच्या वरच्या पायरीवर सुकी मासळी विकायला बसते. पाहुणा दिसला की त्याला बसवून घेते. "फोटो मागाहून काढा, आधी ऐकून घ्या," म्हणते. सांगताना तिचा आवाज चढत नाही. हातातली मासळी मात्र ती दगडावर जरा जास्तच जोरानं आपटते.

फार जुनी गोष्ट. बउळगडावर तेव्हा राजा नीळध्वज होता, असं सांगतात. राजवाडा आणि नगर उंचावर, आणि नदीच्या खालच्या अंगाला, मातीच्या बांधाच्या आडोशाला केउटसाही. तिथं सेबती राहायची. सेबती म्हणजे शेवंती. नवरा मागुणी होडी चालवायचा, सासू कमरेतून गेलेली, आणि मुलगी कुनी नुकतीच धावायला लागलेली.

त्या वर्षी पाऊस थांबेचना. धबळी बांधाच्या माथ्याला टेकली. राजवाड्याकडच्या बांधातून पाणी झिरपायला लागलं तेव्हा दिवाण स्वतः केउटसाहीत आला. घरातलं प्रत्येक धडधाकट माणूस, बाई असो की बाप्या, नगराच्या बांधावर माती टाकायला हवं, म्हणाला.

लोक कचरले. सेबती पुढे झाली. "सरकार, आम्ही तिकडे आलो आणि पाणी इकडे शिरलं तर? घरात म्हातारी माणसं आहेत, पोरं आहेत."

दिवाणानं तिच्याकडे धड पाहिलंही नाही, म्हणे. पण शब्द दिला. नदीच्या देवीला तिकडे नईठाकुराणी म्हणतात. तिच्या देवळात गेला, शेंदरावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुमच्याकडे पाणी वळण्याआधी राजवाड्याचा नगारा वाजेल. नगारा ऐकलात की घराकडे पळा. होड्यासुद्धा तयार ठेवतो. देवीसमोर बोलतोय."

देवीसमोर बोलला, मग आणखी काय विचारायचं? केउट निघाले.

कोळ्यांच्या घरी तान्ह्यापेक्षा थोडं मोठं पोर पाण्याकडे जाऊ नये म्हणून जाळ्याची जुनी दोरी त्याच्या कमरेला बांधायचे आणि दुसरं टोक घराच्या खांबाला. सासूला तर उठताच येत नव्हतं. सेबतीनं कुनीच्या कमरेला दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली, पोरीपुढे मूठभर मुरमुरे ठेवले. "नगारा वाजला की मी आलेच," असं सासूला सांगितलं आणि टोपली डोक्यावर घेऊन बाहेर पडली.

सकाळपासून केउटसाहीनं राजाचा बांध उचलून धरला. माती, बांबू, भाताचा पेंढा, जे हाताला लागेल ते टाकलं. खांदे सोलवटले. आणि दुपार कलता कलता पाणी उतरलं. हळूहळू नव्हे, एकदम उतरलं. बांधावर जयजयकार झाला. दिवाणानं नारळ फोडले आणि माती टाकणाऱ्यांच्या हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला. सेबतीनं तो कपाळाला लावून तोंडात टाकला. ती हसलीसुद्धा, म्हणे. शेजारणीला म्हणाली, "ठाकुराणी पावली गं!"

मागुणी हसला नाही. जन्म नदीवर काढलेला माणूस. तो उतरलेल्या पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एवढं पाणी गेलं कुठं?"

सेबतीच्या तोंडातलं खोबरं तोंडातच राहिलं. मग ती धावत सुटली.

वरच्या अंगाला केउटसाही माती टाकत होती आणि खालच्या अंगाला दिवाणाचे शिपाई केउटसाहीचाच बांध फोडत होते. भर दिवसा. नगारा नगारखान्यात जागच्या जागी होता, टिपऱ्या खुंटीवर. दिवाण विसरला नव्हता. नगारा वाजला असता तर केउट येऊन बांधावर आडवे पडले असते, फोडू दिला नसता. म्हणून त्यानं तो वाजवू दिला नाही. इथपर्यंत आली की पद्मा बेहेरा थांबते आणि पाहुण्याला पुन्हा सांगते, "विसरला नव्हता हं. नीट ऐका. विसरला नव्हता."

सेबती पोचली तेव्हा घरांचे शेंडेही दिसत नव्हते. मागुणीनं अंदाजानं बुडी मारली. खांब होता तिथंच होता, त्याच्या बुडाशी सासू. दोरी तुटली नव्हती. गाठ पक्की बसली होती.

दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख उघडलं. लहान मुलांना तिकडेही जाळत नाहीत, पुरतात. पण पुरायला जमीन कुठं होती? केउटसाही पाण्याखाली, भाताची खाचरं पाण्याखाली, पलीकडचा माळ पाण्याखाली. कोरडी जमीन उरली होती ती उंचावर, राजाच्या बकुळबागेत. सेबतीनं कुनीला पदरात गुंडाळलं आणि राजवाड्याची वाट धरली. ज्यांची ज्यांची पोरं गेली होती त्या बायका तिच्या मागोमाग निघाल्या. त्यांच्यामागे बाकीची साही.

आणि इथं नवल झालं, म्हणे. सेबती चढ चढत होती आणि तिच्या टाचेमागून पाणी चढत होतं. लाट नाही, खळखळ नाही, वारा नाही. ती पाऊल उचलायची, पाणी त्या पावलाच्या जागी यायचं. नगरातले लोक दारात येऊन बघत राहिले. त्यांच्या उंबऱ्यांना पाणी लागलं, मग घोट्याला, मग गुडघ्याला. वर ऊन पडलेलं आणि खाली पूर.

राजवाड्याचा दरवाजा बंद झाला. वरच्या सज्जातून दिवाण ओरडला, "वेड लागलं का गं तुम्हाला? हा राजवाडा आहे, मसणवट नाही!"

"पोरीला पुरायला हात-दोन हात जमीन हवी," सेबती म्हणाली. "आमची तू ठेवली नाहीस."

"झालं ते वाईट झालं," दिवाण म्हणाला. "पण एक वस्ती गेली आणि अख्खं नगर वाचलं. मी माझ्यासाठी नाही केलं. या नगरच्या लोकांना विचार, ते सांगतील."

"विचारते," म्हणाली आणि गर्रकन वळली. "ऐकलंत? हा म्हणतो तुमच्यासाठी केलं. तुम्ही सांगितलं होतं त्याला?"

कांसारींतला एक म्हातारा पाण्यातून पुढे आला. "आम्हाला कोणी विचारलं नाही पोरी. आम्हाला काही कळलंच नाही. आम्ही घरात बसलो होतो."

"बसला होतात खरे," सेबती म्हणाली. "आमचे हात तुमच्या बांधाला लागले होते, तेव्हा तुम्ही घरात बसला होतात."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली आणि तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. मग एकेक करून सगळं नगर तिच्या मागे उभं राहिलं. दिवाणाच्या बाजूला दरवाजाची लाकडं तेवढी राहिली.

पाणी कोठारात शिरलं तेव्हा राजा नीळध्वज सज्जात आला. त्यानं हात वर करून सांगितलं, "तुम्हाला नवं गाव वसवून देतो. वर्षभराचं धान्य देतो. तुझ्या मुलीची चांदीची मूर्ती करून ठाकुराणीच्या देवळात बसवतो."

तिकडे राजाला मणिमा म्हणायची रीत आहे. सेबती म्हणाली, "काल दुपारपर्यंत मी तुला मणिमा म्हणत होते. मूर्तीच्या कमरेला दोरीही चांदीचीच करशील का रे? खाली उतर. आधी दरवाजा उघड, मग पाण्यात येऊन आमच्यासमोर उभा राहा. आम्ही बोलू. तू ऐकायचंस."

दरवाजा उघडला. मुलांना बकुळबागेत पुरलं. माती लोटताना बायका रडल्या नाहीत, म्हणे. मग त्या बाहेर आल्या, आणि राजा पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला.

पहिली बाई बोलायला लागली. तिचे दोघे गेले होते. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत राजा म्हणाला, "पण मला कोणी कळवलं नव्हतं..." पाणी त्याच्या छातीला आलं.

दुसरी बोलू लागली. राजा म्हणाला, "दिवाणानं परस्पर..." पाणी खांद्यावर आलं.

तिसरीनं तोंड उघडलं तोच राजा घाबरून म्हणाला, "मी भरपाई..." पाणी हनुवटीला लागलं.

"बोल," सेबती म्हणाली. "अजून एक शब्द बोल. बोल ना!"

राजानं तोंड मिटलं ते मिटलंच. मग बायका बोलल्या. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसती पोराची नावं घेतली. एकीनं घरातली कोणती कोंबडी कोणत्या रंगाची होती तेसुद्धा सांगितलं. राजा पाण्यात उभा राहून ऐकत होता. ऊन डोक्यावर आलं, कललं. सगळ्यांच्या शेवटी सेबती बोलली.

"तुझ्या माणसानं देवीसमोर शब्द दिला म्हणून मी माझ्या पोरीला बांधून गेले," ती म्हणाली. "नाहीतर पाठीवर घेऊन आले असते. माती टाकता टाकता दर घटकेला कान देऊन ऐकत होते, नगारा वाजतो का. आणि ती बुडत होती तेव्हा मी तुझा प्रसाद खात होते. गोड लागला मला. त्याची चव अजून माझ्या तोंडात आहे. तू जेवायला बसशील, तू निजशील, तुझ्या पोरांची लग्नं होतील. मला ही चव घेऊन जगायचं आहे. आणि तुझा दिवाण म्हणतो, नगर वाचलं. मग तुझ्या राजवाड्याशेजारचा बांध का नाही फोडला? तिथूनही पाणी उतरलंच असतं की! आमचाच का?"

राजानं हात जोडले.

सेबती म्हणाली, "हात खाली कर. मी माफ करायला आले नाही. दरसाल या दिवशी तू इथं येशील. तू मेलास की तुझ्या गादीवर बसेल तो येईल. आम्ही नाहीतर आमच्या पोरीबाळी बोलतील. त्यानं ऐकायचं. ज्या वर्षी तो यायचा नाही, त्या वर्षी पाणी त्याच्याकडे येईल."

ती वळली आणि उतार उतरायला लागली. तिच्याबरोबर पाणीही उतरलं, असं सांगतात.

दिवाणाचं पुढं काय झालं, कोणी सांगत नाही. त्याचं नावही सांगत नाहीत. पद्मा बेहेराला विचारलं तर ती नदीत थुंकते.

राजे गेले, गोरे साहेब आले. त्यांच्यातला एक पहिल्या वर्षी आला नाही, आणि त्याच्या कचेरीत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी साठलं, म्हणे. पुढच्या भाद्रपदात तो बूट काढून आला. तेव्हापासून कोणी चुकवलं नाही.

आजही त्या सकाळी नगरातल्या बायका घाटावर जमतात. इस्पितळात डॉक्टर नसल्यानं दगावलेली सून, शाळेचं गळकं छप्पर, दारूचा गुत्ता, सगळं साहेबाच्या तोंडावर सांगतात. कुणी साहेब खाली मान घालून ऐकतो, कुणी हळूच घड्याळ बघतो. घड्याळ बघणारा बायकांच्या बरोबर लक्षात राहतो.

एखादा पाहुणा पद्मा बेहेराला विचारतो, "आजी, इतक्या पिढ्या लोटल्या. आता कशाला हा राग?"

ती हातातली मासळी खाली ठेवते आणि नदीच्या खालच्या अंगाला बोट दाखवते. "नगराकडचा बांध सिमेंटचा झाला. पुढे केउटसाहीकडे बघा. माती आहे. परवाच्या पुरात कुठं फुटला असेल, सांगा बरं? राजा ऐकून गेला, साहेब ऐकून गेले, आणि आम्ही अजून टोपल्या उचलतोय. यंदा साहेब पाण्यात उतरू दे. पहिली मी बोलणार आहे."